जुन्या इंग्लिश रिपीटरचे ठोके चुकतात तेव्हा

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. सासऱ्यांनी लंडनच्या एका लिलावात घेतलेलं सोन्याचं खिशातलं घड्याळ आता तुमच्याकडे, रेडिंगला आलं आहे. दुहेरी केस, त्यातली आतली जाळीदार, यंत्रावर ‘एलिकॉट, लंडन’ असं जुन्या नामांकित घड्याळजींचं नाव कोरलेलं. माथ्यावरची दांडी दाबली की किती वाजले ते घंटेवर ऐकू येतं; अशा घड्याळाला रिपीटर म्हणतात. तक्रारी तीन. दहा वाजून गेलेले असताना कधी दहा ठोके पडतात, कधी सातच. पाव तास नेहमी एकाने जास्त वाजतात. आणि मधूनच अगदी शेवटी एक सुटा ठोका जास्तीचा येतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात सर्व्हिसिंग करून घेतलं, तेव्हापासून हे जास्त जाणवतंय. आता दुसऱ्या एका दुकानदाराने सांगितलंय की घंटा काढून तारेचा गाँग बसवू, झिजलेले भाग नवे करू, केस आणि यंत्र दोन्ही चकाचक करून देऊ. तुमचे प्रश्न असे: हे करावं का, घड्याळ खरंच एलिकॉटचं आहे का, आणि पुण्याला नेऊन स्वस्तात काम होईल का.

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये माझं टेबल आहे आणि त्यावर येणाऱ्या घड्याळांत असे रिपीटर बरेच असतात. घड्याळ हातात न घेता निदान करणं धोक्याचं, हे मान्य. तरी तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तीन तक्रारींपैकी एक बिघाड नाहीच, एक काटा चुकीचा बसवल्यामुळे आहे, आणि खरी दुरुस्ती एकाच गोष्टीची लागेल. दुकानदाराने खर्च सांगितला, पण ठोके मोजून पाहिले का? रिपीटरचा आजार त्याच्या ठोक्यांतच ऐकू येतो. तो नीट ऐकायचा तर आत काय चाललंय हे थोडं समजून घ्यायला हवं.

आपण होऊन दर तासाला ठोके देणारी खिशातली घड्याळंही इंग्लंडमध्ये बनत. त्यांना ठोक्यांसाठी वेगळी मोठी स्प्रिंग असते आणि किल्ली द्यायला बहुधा दोन जागा असतात. तुमच्या घड्याळाला किल्लीचं भोक एकच आहे आणि ते विचारल्याशिवाय बोलत नाही, म्हणजे तो रिपीटर. ठोक्यांची ताकद घड्याळाच्या मुख्य स्प्रिंगमधून येत नाही, तुमच्या अंगठ्यातून येते. दांडी दाबताना तुम्ही आतली एक छोटी स्प्रिंग ताणता आणि सोडल्यावर ती ठोके देते. म्हणून दिवसातून दहा वेळा वाजवलंत तरी घड्याळ लवकर बंद पडत नाही.

या दाबण्यावरून १६८७ साली लंडनमध्ये मोठा वाद झाला होता. एडवर्ड बार्लो यांनी रिपीटर घड्याळाचं पेटंट मागितलं आणि डॅनियल क्वेअर यांनी हरकत घेतली. दोघांची घड्याळं राजा दुसरा जेम्स याच्यापुढे ठेवली गेली. बार्लोंच्या घड्याळात तासांसाठी एका बाजूला आणि पाव तासांसाठी दुसऱ्या बाजूला असं दोनदा दाबावं लागे. क्वेअरांच्या घड्याळात एकदा दाबलं की दोन्ही वाजत. राजाने क्वेअरांचं पसंत केलं आणि पेटंट काही मिळालं नाही. पुढचे सगळे रिपीटर या एका दाबण्यावर चालले. सोय झाली, पण सगळा भारही त्या एकाच दाबण्यावर आला. ते पुरेसं खोल गेलं नाही तर पुढचं सगळं बिघडतं.

दांडी आत गेली की एक बारीक साखळी ओढली जाते आणि दात्यांची एक पट्टी मागे सरकते. ती कुठवर सरकायची हे ठरवते पायऱ्यांची एक चकती. चकतीला बारा पायऱ्या असतात, एकसाठी सगळ्यात उंच, बारासाठी सगळ्यात खोल. पट्टीचा हात त्या वेळच्या पायरीवर टेकला की दांडी थांबते. पायरी जितकी खोल, तितके जास्त दाते हातोडीच्या पलीकडे जातात, आणि परत येताना तितके ठोके पडतात. ही चकती बारा टोकांच्या एका चांदणीवर बसवलेली असते. दर तासाला एक खुंटी त्या चांदणीला टोचते आणि ती एक घर पुढे उडी मारते. पाव तासांसाठी चार पायऱ्यांची वेगळी चकती असते, मिनिटकाट्याच्या नळीवरच. म्हणजे तास आणि पाव तास वेगवेगळ्या ठिकाणी मोजले जातात. त्यातलं एक चुकलं आणि दुसरं बरोबर असलं, तर बिघाड कुठे शोधायचा नाही हे आधीच कळतं.

आता तुमच्या तक्रारी, सोप्यापासून अवघडाकडे.

शेवटचा सुटा ठोका. तुमच्या घड्याळात तास एकेका ठोक्याने वाजतात आणि पाव तास ‘टिंग-टँग’ असे जोडीने, असं तुम्ही लिहिलंय. जोडीनंतर येणारा एकटा ठोका बहुधा अर्ध्या पावाचा आहे, म्हणजे पाव तासातली साडेसात मिनिटं उलटून गेली आहेत असं तो सांगतो. अठराव्या शतकात लंडनच्या चांगल्या कारागिरांनी हे काम बरंच वापरलं. मॅथ्यू स्टॉगडेन या कारागिराने त्याची जी रचना केली ती जॉर्ज ग्रॅहम आणि एलिकॉट यांच्या घड्याळांत सापडते. तपासायला सोपं आहे. कोणताही पाव झाल्यावर पाच मिनिटांनी वाजवा, मग आणखी पाच मिनिटांनी. पहिल्या वेळी सुटा ठोका नसेल आणि दुसऱ्या वेळी असेल, तर घड्याळ तुम्हाला जास्तीची माहिती देतंय. तुम्ही त्याला दोष समजत होतात, इतकंच. ‘मधूनच’ येतो असं वाटण्याचं कारण आपण सहसा तास किंवा पाव झाल्या झाल्या दाबून बघतो, दहा-बारा मिनिटांनी नाही.

पाव तास नेहमी एकाने जास्त. यातला ‘नेहमी’ हा शब्द महत्त्वाचा. झीज किंवा घाण असेल तर चूक कधी होते, कधी होत नाही. तुमची चूक दर वेळी तीच आणि तेवढीच आहे, म्हणजे कुणीतरी काहीतरी सरकवलंय. या काळच्या इंग्लिश घड्याळांत मिनिटकाटा चौकोनी टोकावर बसतो, ज्या चौकोनावर किल्ली लावून आपण वेळ लावतो त्याच टोकावर. काटा काढून परत घालताना तो चौकोनाच्या पुढच्या बाजूवर बसला की बरोब्बर पंधरा मिनिटांचा फरक पडतो. पायऱ्यांची चकती पंधरा मिनिटं पुढे आणि काटा मागे. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये काटे नक्कीच निघाले असणार. खात्री करायची तर काट्यांप्रमाणे पावणेअकरा झाल्यावर लगेच वाजवून बघा. अकरा ठोके पडले आणि पाव एकही नाही, तर माझा अंदाज पक्का समजा. तासकाट्याने गोंधळू नका. तो नळीवर नुसता घट्ट बसवलेला असतो आणि मिनिटकाट्याशी जुळवून फिरवलेला असू शकतो. काटा काढून एक बाजू फिरवून बसवणं ज्याला येतं त्याच्यासाठी हे चहा होईपर्यंतचं काम आहे. तुम्ही मात्र घरी करू नका. तबकडी तांब्यावर चढवलेल्या काचेच्या मुलाम्याची असते आणि काट्याखाली पातं घालून उचकटलं की मधोमध तडा जातो. तो तडा परत जात नाही.

आता खरी तक्रार, दहाच्या ऐवजी सात. इथे ठोके मोजू नका, त्यांचा ताल ऐका. सात ठोके दोन प्रकारे पडू शकतात. एक, सात पडून पाव तासांना लगेच सुरुवात होते. दोन, मध्येमध्ये ठोका गळतो, तिथे नुसता यंत्राचा घर्र आवाज येतो आणि एकूण वेळ दहा ठोक्यांइतकाच लागतो. दुसरा प्रकार असेल तर पट्टी बरोबर दहाव्या पायरीपर्यंत गेली आहे, पण हातोडी आळशी झाली आहे. तिच्या आसाजवळ जुनं तेल घट्ट झालंय किंवा तिला मागे ढकलणारी स्प्रिंग कमजोर झालीय, म्हणून ती दर दात्यावर वेळेत परत येत नाही. हे साफसफाईने बरं होण्यासारखं आहे.

पहिला प्रकार असेल तर पट्टी पायरीपर्यंत पोचलेलीच नाही. दांडी पूर्ण आत गेली नाही, साखळी एखादी दुरुस्तीची कडी घालून सैल झाली आहे, किंवा दांडीच्या नळीत इतक्या वर्षांचा खिशातला धुरळा भरलाय. पण तुमच्यासारख्या अर्धपाव घड्याळात नेमकं हेच होऊ नये म्हणून बहुधा एक वेगळा तुकडा असतो. त्याला कारागीर ‘ऑल ऑर नथिंग’ म्हणतात. पट्टीचा हात पायरीवर पूर्ण टेकेपर्यंत तो ठोके सुटूच देत नाही. अर्धवट दाबलं तर घड्याळ गप्प बसतं. चुकीची वेळ सांगण्यापेक्षा काहीच न सांगणं बरं, असा त्यामागचा विचार. दहाच्या जागी सात पडतात म्हणजे हा तुकडा आपलं काम करत नाहीये. त्याचं टोक झिजलंय, त्याची स्प्रिंग अडकलीय, नाहीतर कुणीतरी ‘दाबायला जड जातं’ म्हणून ती वाकवून हलकी केलीय. ही शेवटची करामत मला वारंवार दिसते.

एक चाचणी घरी करता येते आणि माझ्याकडे आणलंत तर मीही तीच आधी करीन. रिपीटरची खरी परीक्षा बारा आणि एकच्या सीमेवर होते, कारण तिथे सगळ्यात जास्त ठोक्यांवरून सगळ्यात कमी ठोक्यांवर यायचं असतं. तुमच्या घड्याळात काटा पंधरा मिनिटं मागे असेल तर ही सीमा काटे पावणेएक दाखवतात तेव्हा येईल. त्याच्या मिनिटभर आधी अंगठ्याने सावकाश पण पूर्ण दाबा, आत टेकल्याचं जाणवेपर्यंत, आणि एकदम सोडा. बारा ठोके, मग तीन जोड्या, मग एक सुटा, असे एकूण १९ ठोके यायला हवेत. दोन-तीन मिनिटांनी परत दाबा. आता एकच ठोका यायला हवा आणि पुढे काही नाही.

एक ठोका आला पण मागून तीन जोड्याही आल्या, तर पाव तासांच्या चकतीवरचा सरकता तुकडा अडकलाय. चांदणी उडी मारते त्याच क्षणी तो बाहेर येतो आणि पट्टीला जुन्या खोल पायरीवर पडू देत नाही. सीमेच्या पाच मिनिटं आधीच एक वाजायला लागला तर चांदणी लवकर उडतेय. १९ ठोके नीट आले, पण पहिले भराभर आणि शेवटचे रडत आले, तर तेल सुकलंय. सगळेच फार भराभर आले तरी चकत्या ठीक आहेत असं समजा. ठोक्यांचा वेग सांभाळणारी छोट्या चाकांची एक रांग असते, तिच्या शेवटच्या चाकाचा आस ज्या बुशात बसतो तो थोडा फिरवून वेग जमवता येतो. हे सगळं करताना काटे तासाच्या सीमेवरून उलटे फिरवू नका, त्याने चांदणीवर आणि त्या सरकत्या तुकड्यावर नको तो जोर येतो. थांबून वेळ येऊ द्या.

आता दुकानदाराच्या प्रस्तावाकडे येतो. तो मला का खटकतो हे सांगण्यासाठी तबकडीखाली काय दिसतं ते सांगितलं पाहिजे. रिपीटरचं जवळजवळ सगळं काम तबकडी आणि यंत्राच्या मधल्या फटीत असतं, त्यामुळे मालकाला ते आयुष्यात कधी दिसत नाही. तरी तिथलं पोलाद असं घासलेलं असतं की भिंगाखाली एका कोनातून काळंभोर आणि जरा कलतं केलं की आरशासारखं दिसतं. बारा पायऱ्यांची चकती हाताने, कानशीने बनवलेली असते. दोन पायऱ्यांमधला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा. प्रत्येक पायरी पट्टीच्या एका दात्याशी जुळली पाहिजे, आणि शेजारच्या पायरीकडे उतरताना कड उभी आणि तीक्ष्ण हवी, नाहीतर हात घसरून खालच्या पायरीवर जातो. चांगल्या कामात या कडा अडीचशे वर्षांनंतरही बोटाला लागतात. हे करणारा माणूस अनेकदा फक्त हेच काम करायचा. लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये एका घड्याळाचं काम कित्येक हातांत वाटलेलं असे: स्प्रिंगवाला वेगळा, साखळीवाला वेगळा, केस बनवणारा, नक्षी कोरणारा, तबकडीवाला, आणि रिपीटरचं काम करणारा वेगळा. कच्चं यंत्र कित्येकदा लँकेशायरच्या प्रेस्कटहून यायचं. यंत्रावर नाव येई ते दुकानाच्या मालकाचं.

म्हणून ‘यंत्र चकाचक करतो’ ऐकलं की मला भीती वाटते. त्या चकतीच्या कडांवर पॉलिशचा बफ एकदा फिरला की कड गोल होते, आणि कड गोल झाली की दहाचे ठोके अकरा होतात. मग ‘भाग झिजला होता’ म्हणून नवा करून घालतात, आणि मूळ भाग डबीत घालून परत देण्याची पद्धत सगळीकडे नाही. पितळी पट्ट्यांवरचा सोन्याचा थर पाऱ्याच्या साह्याने, आगीवर चढवलेला असतो. त्याचा रंग मऊ, किंचित मॅट असतो. तीव्र रसायनात बुडवून तो फिका झाला तर आजच्या विजेच्या गिल्टने भरून निघत नाही, पिवळाधमक दिसतो. स्क्रूंचा निळा रंग पोलाद तापवून आणलेला असतो, तोही पॉलिशने जातो. केसवरची उठावाची नक्षी असेल तर तिच्यातल्या चेहऱ्यांची नाकं आधीच थोडी झिजलेली असणार. आणखी एक पॉलिश म्हणजे नाक संपलं.

गाँग तर अजिबात नको. तारेचा गाँग १७८३च्या सुमारास पॅरिसच्या ब्रेगे यांनी आणला, तुमच्या घड्याळावरचं नाव ज्या काळाचं आहे त्यानंतर. तुमची घंटा तांबं आणि कथील साधारण चारास एक या मिश्रणाची असते आणि आतल्या केसच्या पाठीत एका स्क्रूने बसवलेली असते. केसला पाडलेली जाळी दिसायला सुंदर आहेच, पण ती आवाज बाहेर यावा म्हणून आहे. म्हणजे तुमच्या घड्याळात केस हाही वाद्याचा भाग आहे. आवाज बसलेला वाटत असेल तर बऱ्याचदा स्क्रू ढिला असतो, घंटा केसला कुठेतरी चिकटलेली असते, किंवा हातोडी ठोका देऊन मागे न येता घंटेवर टेकून राहते आणि मग झणझण ऐकू येते. केसमधून एक छोटी खुंटी बाहेर आलेली आहे का तेही पाहा. काही घड्याळांत ती दाबून धरली की घंटा गप्प राहते आणि ठोके नुसते बोटाला जाणवतात. कुणी तुमच्या नकळत ती दाबून ठेवत असेल.

एलिकॉट खरं की खोटं, हे फोटोशिवाय सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगतो. जॉन एलिकॉट, १७०६ ते १७७२, लंडनच्या रॉयल एक्स्चेंजजवळ दुकान, १७३८ साली रॉयल सोसायटीचे फेलो. पुढे मुलगा एडवर्डने धंदा चालवला. नाव मोठं असल्यामुळे ते उसनं घेणारेही भरपूर. १६९८च्या एका कायद्याने घड्याळावर कारागिराचं नाव आणि गाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे नाव असणं ही काही खास गोष्ट नाही. त्या काळी युरोपात लंडनचं नाव घालून घड्याळं बनत आणि विकली जात. टार्ट्स, सॅमसन, विल्टर अशी इंग्लिश वाटणारी नावं त्यांवर सर्रास दिसतात. त्यातल्या पुष्कळांची खूण म्हणजे बॅलन्स चाकावरचं नक्षीदार झाकण, ज्याला कॉक म्हणतात, ते पुलासारखं दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेलं असतं. इंग्लिश कॉकला एकच रुंद पाय असतो आणि पाय व गोल भाग जिथे मिळतात तिथे बहुधा एक मुखवटा कोरलेला दिसतो. तबकडीवर मिनिटांची रेघ सरळ गोल न जाता प्रत्येक तासाला कमानीसारखी वळत असेल, तर तीही त्या परदेशी घड्याळांची लकब. एवढ्यावरून निकाल देऊ नका, पण दोन्ही खुणा एकत्र असतील तर मला एलिकॉटवर शंका येईल.

केसचे ठसे, म्हणजे धातूची शुद्धता सांगणारे सरकारमान्य शिक्के, बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सोन्यावर चालता सिंह दिसला तर ‘हा चांदीचा ठसा, म्हणजे मुलामा’ असं कुणी सांगेल. १८४४ पर्यंत २२ कॅरट सोन्यावर लंडनला तोच सिंह मारत. उलट मुकुट आणि १८ असा आकडा असेल तर केस १७९८ नंतरची आहे, कारण इंग्लंडमध्ये १८ कॅरटचा दर्जा त्या वर्षी आला. मग केस बहुधा नंतर बदललेली आहे. हे अगदी शक्य आहे, कारण सोन्याच्या केस वितळवायला काढून यंत्रं तशीच विकण्याचा धंदा जोरात चालला होता. बाहेरच्या आणि आतल्या केसवर एकच वर्षअक्षर (ठसा मारल्याचं वर्ष सांगणारं अक्षर) आणि एकाच केसवाल्याचा शिक्का आहे का, यंत्रावरचा क्रमांक केसवर कुठे आहे का, हे बघा. ठसे अर्धवट असले म्हणून लगेच धसका घेऊ नका. या काळच्या घड्याळांच्या केसवर ते नेहमीच पूर्ण नसतात. केस बदललेली निघाली तर किंमत कमी होईल, पण आतलं रिपीटरचं काम तरीही तेच राहतं.

पुण्याला नेण्याबद्दल. तिथे हात चांगले नाहीत असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तिथल्याच एका घड्याळजींच्या टेबलाशेजारी बसून काम शिकायला सुरुवात केली. पण दोन अडचणी आहेत. पहिली पावसाळ्याची: रिपीटरमधलं पोलाद उघडं असतं आणि जूनच्या हवेत चकतीच्या पायरीवर गंजाचा एक ठिपकासुद्धा पुरतो. दुसरी कायद्याची: भारतातून शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू बाहेर नेण्यावर १९७२च्या पुरातन वस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. बाहेरून नेलेलं घड्याळ परत आणताना ते त्या कायद्यात बसतं की नाही, हा वाद विमानतळावरच्या टेबलाशी घालायची वेळ कशाला आणायची? नेणारच असाल तर कागदपत्रं आधी तयार करा. नाहीतर इथेच ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटकडे जुन्या रिपीटरचं काम करणारे कोण आहेत ते विचारा. कुणाकडेही गेलात तरी कामाआधी एवढंच विचारा: ‘ऑल ऑर नथिंग’ काय करतंय हे तुम्ही बघितलं का, आणि एखादा भाग बदललात तर जुना परत द्याल का? पहिल्या प्रश्नाला जो कोड्यात पडेल त्याच्याकडे घड्याळ ठेवू नका.

खर्च किती येईल हे उघडल्यावरच कळेल. नुसती सफाई, काटा आणि त्या एका तुकड्याची स्प्रिंग एवढंच असेल तर काम फार मोठं नाही. साखळी तुटलेली असेल किंवा पूर्वी कुणी चकती घासून ठेवली असेल तर महिने लागू शकतात. साखळीची कडी एकेक करून रिव्हेटने जोडावी लागते, आणि घासलेल्या पायरीवर धातू परत चढत नाही. विमा करायचा असेल तर दुरुस्तीनंतर करा, दुकानदाराच्या आजच्या अंदाजावर नको.

तोवर चाचणी करून बघा. सात ठोके कोणत्या तालात पडतात ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंत तर मला पुष्कळ कळेल. फोटो पाठवताना यंत्र केसमधून झुलवून उघडायचं असेल तर सहाच्या अंकाशेजारची छोटी कळ नखाने आत ढकला, जोर लावू नका. आणि कॉकचा पाय पूर्ण दिसेल असा एक फोटो घ्या. लोक नेहमी त्यावरच्या मुखवट्याचा घेतात आणि स्क्रू फोटोच्या बाहेर राहतात.